गावंडेबाईंचा तेरावा महिना

गावंडेबाईंच्या हातात कुठलाही कागद आला की त्या आधी त्याची मधोमध घडी घालत. मग तो पगाराची चिठ्ठी असो, संचालकांचं कडक पत्र असो की लग्नाची पत्रिका. घडी नखानं दाबायची, पुन्हा उघडायची आणि वाचायला सुरुवात करायची ती घडीपासून. माझ्या बहिणीची पत्रिका मी मोठ्या हौसेनं त्यांना नेऊन दिली, तेव्हा गणपती आणि कुलदेवता यांना बगल देऊन बाई थेट मधल्या ओळीवर उतरल्या आणि म्हणाल्या, "कार्यालय तं चांगलं आहे वं. पण जेवणाचा टाइम नाही टाकला."

ही सवय मी आमच्या पहिल्या भेटीतच पाहिली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत तेव्हा नवा मोठा संगणक आला होता. सगळे त्याला नुसतं 'मशीन' म्हणत. ग्रंथालयाच्या नोंदी त्यावर चढवायला एक तात्पुरती जागा निघाली आणि मी मुलाखतीला गेले. ग्रंथपाल म्हणजे शकुंतला गावंडे. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, कोणाची कोण तेही विचारलं नाही. प्रिंटरच्या, कडेला भोकं असलेल्या कागदाचा लांबलचक पट्टा माझ्यासमोर टाकला आणि म्हणाल्या, "त्या समोरच्या कपाटाची ही यादी. यात एक पुस्तक लिहायचं सुटलं, म्हणून तिथून पुढचे सारे नंबर एकानं सरकले. कुठं सुटलं ते शोध."

मी निमूट पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, उठून पहिलं पुस्तक पाहिलं, मग दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तेव्हा मी फारच सरळ मुलगी होते. बाईंनी थोडा वेळ सहन केलं.

"काय करून राहिली वं?"

"तपासतेय."

"वरून काहून? अशानं संध्याकाळ होईन."

त्यांनी पट्टा माझ्या हातून घेतला, मधोमध दुमडला आणि घडीवर आलेल्या ओळीचा नंबर कपाटातल्या पुस्तकाशी जुळवला. जुळला. "म्हणजे वरचं सारं चांगलं. आता खालच्या अर्ध्याले मोड." पुन्हा घडी, पुन्हा जुळणी. कँटीनमधून चहा येईपर्यंत सुटलेलं पुस्तक सापडलं होतं. ही मुलाखत नसून शिकवणी आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. चहा पिता पिता बाईंनी मला उद्यापासून यायला सांगितलं.

बाई नरखेड तालुक्यातल्या. घरी संत्र्याचा बगीचा, दोन विहिरी. ही घड्यांची विद्या त्यांना तिथेच मिळाली होती. "विहिरीवरची मोटर चालू आहे, पण शेवटच्या झाडाले पाणी नाही," त्या सांगायच्या. "पाइप जमिनीत गाडलेला. कुठं तुंबला काय माहीत! आमचे बाबा काही सारा पाइप नाही उकरत. ते मधातला जोड खोलत. तिथं पाणी आहे? मंग पुढं जा. नाही? मंग मागं ये. मशीनवाल्यांनी मले हेच इंग्रजीतून शिकवलं आणि वरून सर्टिफिकेट देलं." संस्थेनं प्रशिक्षणाला पाठवलेल्या लोकांत त्या एकट्या बाई होत्या, वयानं सगळ्यांत मोठ्या होत्या आणि परत येऊन खरोखर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याही त्या एकट्याच.

बोलायच्या मात्र आपल्या गावच्या बोलीत, संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांशी. कोणी आडून सुचवलंच तर म्हणत, "शुद्ध बोलाले मी काय रेडिओवर बसली?" ज्याच्यावर जीव असेल त्याला त्या 'गा' लावत, आणि मशीनलाही तो मान होता. सकाळी मशीनच्या खोलीचं दार उघडलं की पहिला प्रश्न, "काय गा, उठला का?" त्या खोलीतल्या गारठ्यासाठी त्या एक तपकिरी स्वेटर घालत. पुरुषाचा होता, बाह्या दोनदा दुमडाव्या लागत. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ होतंय आणि आत बाई स्वेटर घालून बसल्यात, हे दृश्य पाहून टपालवाला दर उन्हाळ्यात नव्यानं थक्क व्हायचा.

शनिवारी संस्था अर्धा दिवस. दुपारी माणसं घरी गेली की मशीन ग्रंथालयाच्या वाट्याला येई. आठवडाभर साठलेलं काम त्याला एकदम घालायचं, त्यानं एका दमात ते उरकायचं. याला बॅच म्हणत. बाईंनी स्वतः लिहिलेले तीन प्रोग्रॅम त्यात ओळीनं चालत. पहिला नव्या पुस्तकांची यादी छापायचा, दुसरा न आलेल्या नियतकालिकांबद्दल विक्रेत्यांना पत्रं काढायचा. तिसरा मुदत उलटून गेलेल्या सभासदांसाठी स्मरणपत्रांची कार्डं छापायचा. बाईंनी त्यांची नावं थोरला, मधला आणि शेंडेफळ अशी ठेवली होती. मूलबाळ नसलेल्या बाईची ही तीन लेकरं, असं आमचा देवघेवीच्या टेबलावरचा वानखडे म्हणायचा; बाईंच्या माघारी नव्हे, तोंडावर.

सभासदानं पुस्तक नेलं की वानखडे चिठ्ठीवर परतीची तारीख लिहायचा आणि मी ती मशीनमध्ये टाइप करायची. पहिल्या दिवशीच बाईंनी बजावलं होतं, "महिन्याच्या जागी कधी तेरा दिसलं तं तेराच टाकायचं. विचारायचं नाही." तात्पुरत्या नोकरीतल्या माणसानं विचारायचं नसतंच. महिन्यातून एखाद-दोनदा असा तेरा यायचा, मी टाकायची आणि विसरायची. हळूहळू तो इतका अंगवळणी पडला की मला त्यात वेगळं काही वाटेनासंच झालं.

आणखी एक गोष्ट नेहमीची होती. मध्येच कोणी सभासद यायचा, बऱ्याच महिन्यांनी पुस्तक परत करायचा आणि ओशाळून म्हणायचा, "बाई, फार उशीर झाला. पण तुमचं कार्डही आलं नाही." बाई पुस्तक हातात घ्यायच्या, मान वर न करता म्हणायच्या, "मशीन आहे. विसरते कधी कधी."

संगणक केंद्राचे प्रमुख डॉक्टर लिमये यांना हे वाक्य मुळीच आवडत नसे. लिमये मूळचे सांगलीचे पण पुण्यात मुरलेले, माझ्यापेक्षा फार मोठे नव्हेत. कामाला वाघ माणूस, पण नागपूरचं ऊन खास आपल्याला छळण्यासाठी पडतं अशी त्यांची समजूत होती. मशीन विसरत नाही, विसरतो तो माणूस, हे ते बाईंना अनेकदा समजावून सांगत. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "हो सर."

त्या मे महिन्यात दिल्लीहून टेप आली. मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती, जास्त वेगवान, जास्त काटेकोर. लिमये साहेबांनी ती मोठ्या उत्साहानं चढवली. शनिवारी दुपारी बाईंनी बॅच सुरू केली आणि थोरला अडला. त्याला वगळून मधला सुरू केला, तोही अडला. शेंडेफळानं तर सुरुवातच केली नाही. काम सोडून दिलं आहे, एवढी एक इंग्रजी ओळ छापून मशीन गप्प बसलं. कोणत्या नोंदीवर सोडलं, का सोडलं, याचा पत्ता नाही. बाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "रुसले वाटते तिघंही."

मंगळवारी लिमये साहेबांचं टिपण संस्थेच्या ग्रंथालय समितीकडे गेलं. ग्रंथालयाचे घरगुती प्रोग्रॅम भरवशाचे नाहीत, नव्या आवृत्तीत ते चालत नाहीत, तरी ग्रंथालयानं पूर्वीप्रमाणे हातानं काम करावं आणि नोंदी टाइप करणारी तात्पुरती जागा पुढे चालू ठेवू नये. खाली पुराव्यादाखल एक ओळ होती: स्वतः माझ्याकडे फेब्रुवारीपासून ग्रंथालयाचं पुस्तक आहे, पण मला आजवर एकही स्मरणपत्र आलेलं नाही. समितीची बैठक पुढच्या सोमवारी ठरली.

बाईंनी ते टिपण मधोमध दुमडलं, मधली ओळ वाचली आणि माझ्या हातात दिलं. मधली ओळ नेमकी माझ्या जागेची होती. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांची नजर गेल्यापासून आमचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. मला रडू आलं. बाई रागावल्या. "आतापासून काहून रडते? सोमवार लांब आहे. आधी पाइप तं पाहू."

मशीन आम्हाला रोज फक्त जेवणाच्या सुटीत मिळायचं. आम्ही डबे बाहेर ठेवून आत जायचो. थोरल्याला बाईंनी मधोमध थांबवून पाहिलं. अर्ध्यापर्यंत काम चोख होतं. पुढच्या अर्ध्याचा अर्धा घेतला, आणि कळलं की नवी आवृत्ती तयार केलेली यादी वेगळ्याच जागी नेऊन ठेवते आणि बिचारा थोरला जुन्या जागी शोधत बसतो. दोन ओळी बदलल्या, चालला. मधला तशाच एका कारणासाठी अडला होता, तोही उठला. बुधवारी आम्ही जेवलोसुद्धा.

शेंडेफळ मात्र बधेना. त्याच्या प्रोग्रॅममध्ये काही दोष सापडत नव्हता. मग नोंदींमध्ये असेल म्हणून बाईंनी सगळ्या नोंदींचे दोन भाग केले. पहिला भाग चालवला, मशीननं काम सोडून दिलं. मला आनंद झाला, म्हटलं, दोष यातच आहे. बाई म्हणाल्या, दुसराही चालव. त्यावरही मशीननं काम सोडून दिलं. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा बाईंचा चेहरा उतरलेला पाहिला. "पाइप एका ठिकाणी नाही तुंबला वं," त्या म्हणाल्या. "कित्येक ठिकाणी तुंबला."

गुरुवार त्यातच गेला. काही तुकडे सुरळीत चालत, काही अडत. अडलेल्यांचे आम्ही आणखी तुकडे करत होतो. शुक्रवारी सुटी संपायला थोडा वेळ उरला असताना एक तुकडा इतका लहान झाला की त्यात एकच नोंद राहिली. मी ती पडद्यावर आणली आणि मोठ्यानं हसले. "बाई, हे बघा! खुद्द लिमये साहेबांनीच आपली वाट अडवलीय."

बाई हसल्या नाहीत. त्या वाकून पडद्याकडे पाहत होत्या. नावापुढे पुस्तकाचा नंबर होता, त्यापुढे परतीची तारीख, आणि महिन्याच्या जागी तेरा.

"मायबाई," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. "हे तं आपलंच काम आहे."

मग मला तेराचा अर्थ कळला. सभासदाच्या घरी मृत्यू झाला की बाई त्याच्या नोंदीत तेरावा महिना घालत. वानखड्याला संस्थेच्या अख्ख्या वसाहतीच्या आणि निम्म्या शहराच्या बातम्या असत; तो येऊन सांगायचा आणि त्या पुस्तकाची चिठ्ठी नव्यानं निघायची. तेरावा महिना काही उजाडत नाही, म्हणून मुदत उलटत नाही, म्हणून कार्ड निघत नाही. वर्ष बदललं की मशीन नव्या वर्षाचा आकडा मोठा मानायचं आणि मग कार्ड आपोआप जायचं. तोवर बहुतेकांनी पुस्तक आणून दिलेलं असे. जुन्या आवृत्तीला महिने किती असतात याची चौकशी करायची सवय नव्हती. नवी काटेकोर होती. एक खोटी तारीख दिसली की ती सगळं काम टाकून देई, आणि ग्रंथालयाच्या महिन्याच्या मुदतीपलीकडची कुठलीही तारीख, अगदी डिसेंबरचीसुद्धा, तिला चालत नव्हती.

मला हायसं वाटलं. "मग सोपं आहे, बाई. सगळ्या तेरांच्या जागी खऱ्या तारखा टाकते. तासाभराचं काम. उद्या बॅच चालेल, सोमवारी दाखवू."

"आणि उद्या दुपारी कार्डं छापल्या जातीन. मंगळवारी पोस्टमन त्या घरी जाईन."

वानखडे दारात उभा होता. तो म्हणाला, "छापू द्या ना बाई. मी हातानं बाजूले काढतो."

"उद्या काढशीन. दर शनिवारी काढशीन का गा? ज्या दिवशी तू विसरशीन, त्याच दिवशी ते कार्ड कोण्या मायच्या हाती पडन."

मग त्यांनी स्वेटरच्या दुमडलेल्या बाह्या सोडल्या, पुन्हा दुमडल्या, आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ नागपुरात शिकायला होता. घरातला पहिला शिकणारा. तापानं गेला. त्याच्या तेरवीच्या दिवशी पोस्टमननं कार्ड आणलं, त्याच्या नावाचं. आईला वाचता येत नव्हतं. नागपूरहून आलेल्या कार्डावर मुलाचं नाव आहे एवढं कोणीतरी तिला सांगितलं आणि तिनं ते आधी देवाजवळ ठेवलं. पंगती उठल्यावर लेकीला म्हणाली, वाच. लेकीनं वाचलं. आपण पुस्तक त्वरित परत न केल्यास आपल्यावर कारवाई करण्यात येईल. "माय म्हणे, 'आता त्याच्यावर अजून काय कारवाई करतीन वं?'" बाई म्हणाल्या. "मी ग्रंथपाल झाली ते त्याच्याचपायी."

खरं सांगते, मला त्या क्षणी बाईंचा रागच आला. ज्या घरांबद्दल त्या बोलत होत्या ती मला दिसत नव्हती; मला दाराशी माझ्या पावलांचा कानोसा घेत बसलेले माझे वडील दिसत होते. पण बाईंनी त्या आठवड्यात ज्या आवाजात मला रडू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्याच आवाजात त्या आता म्हणाल्या, "तुई जागाही राहीन आणि त्या घरी कार्डही नाही जाणार. दोन्ही झालं पाह्यजे. चाल."

नव्या आवृत्तीनंतर प्रोग्रॅममध्ये काहीही बदलायचं तर लिमये साहेबांची परवानगी लागे. थोरल्या-मधल्याच्या ओळींना त्यांनी न बोलता सही दिली होती. बाई पुढे, मी आणि वानखडे मागे, अशी आमची वरात त्यांच्या खोलीत गेली.

"सर, चूक सापडली. आमचीच आहे."

"मान्य केलंत, बरं झालं," लिमये म्हणाले. कुत्सितपणे नव्हे, त्यांना खरंच बरं वाटलं असावं. "काय आहे?"

"काही नोंदींत महिन्याच्या जागी तेरा आहे."

"तेरा? महिने बारा असतात, बाई. विदर्भातसुद्धा."

"हो सर." बाईंनी तेरा असलेल्या नोंदींचा कागद त्यांना दिला, अर्थातच मधोमध दुमडलेला.

लिमयांनी तो उलगडला. "हे पहिलं नाव माझं आहे."

"हो."

"म्हणजे मला कार्ड आलं नाही ते यामुळे?"

"मशीन आहे सर. विसरते कधी कधी."

"बाई, मशीन विसरत नाही. हे कोणीतरी मुद्दाम टाकलंय. का टाकलंय?"

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. आठवडाभर हा माणूस त्यांच्या कामाला भरवशाचं नाही म्हणत होता. त्याला द्यायचं उत्तर त्याच्याच नोंदीत होतं, आणि त्या ते बोलायला तयार नव्हत्या. मला राहवेना, पण माझ्याआधी वानखडे बोलला. "साहेब, फेब्रुवारीत तुमचे वडील वारले ना. तुम्ही सांगलीले गेलते. तवाच टाकलं."

लिमयांनी कागद टेबलावर सरळ केला आणि एकेक नाव वाचायला लागले. "हे कोल्हे... त्यांचा मुलगा ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि या जोशीबाई?"

"त्यांचे मिस्टर."

ते कागदाच्या शेवटापर्यंत गेले. मग चष्मा काढून म्हणाले, "ते पुस्तक मी दादांना, वडिलांना, वाचायला नेलं होतं. तिथेच आहे, त्यांच्या उशाशी. सुटी आहे, रजा आहे, गाडीही थेट आहे. पण जाववत नाही."

"पुस्तक कुठं पळून जाते, सर? येईन जवा यायचं तवा."

त्या माणसाबद्दल माझ्या मनात साठलेला सगळा कडवटपणा त्या एका वाक्यासरशी ओसरला. तो माझी जागा घालवायला निघालेला साहेब नव्हता, वडील गेलेला मुलगा होता, आणि आमच्या सगळ्यांत फक्त बाईंनी त्याला फेब्रुवारीपासून तसं पाहिलं होतं.

लिमयांनी चष्मा चढवला आणि एकदम पुण्याला परतले. "पण तारखेत कशाला घालता हे? भलतंच! नव्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीत एक जागा रिकामी ठेवलीय, आपल्याला हवी ती खूण करायला. तुमच्या प्रोग्रॅमनं आधी ती खूण पाहायची. असेल तर पुढे जायचं, कार्ड काढायचं नाही. चला, मी दाखवतो."

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं गा?" बाई म्हणाल्या.

वानखड्यानं माझ्याकडे पाहिलं. केंद्रप्रमुखांना 'गा' लागला होता. लिमयांना त्याचा अर्थ कळला नसावा, किंवा कळलाही असेल. ते उठून बाह्या सरसावत होते.

ती दुपार मी कधी विसरणार नाही. लिमये टाइप करत होते, बाई शेजारी बसून सांगत होत्या, आणि दोघं प्रत्येक ओळीवर भांडत होती. पहिल्या चाचणीत शेंडेफळ पुन्हा अडलं. लिमयांनी छापील प्रोग्रॅम घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बाईंनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांच्या हातून कागद घेतला, मधोमध घडी घातली आणि परत दिला. लिमयांनी घडीवरून वाचलं. ऑफिस सुटायच्या आत शेंडेफळ चालायला लागलं होतं.

शनिवारी बॅच चालली. थोरला, मधला, शेंडेफळ, ओळीनं. प्रिंटरचा तो कर्कश खडखडाट मला सनईसारखा वाटला. कार्डं बाहेर आली, आम्ही ती चाळली. तेराच्या घरांचं एकही नव्हतं. बाईंनी स्वेटर काढला आणि वानखड्याला सगळ्यांसाठी उसाचा रस आणायला पिटाळलं. लिमये साहेबांनी पहिल्यांदाच आमच्याबरोबर तो बर्फ न घालता प्यायला आणि नागपूरबद्दल वाईट शब्द काढला नाही.

सोमवारच्या बैठकीत लिमयांनी आपलं टिपण मागे घेतलं. संचालकांनी विचारलं, तुम्हाला कार्ड आलं नव्हतं त्याचं काय? लिमये म्हणाले, "मशीन आहे, विसरलं असेल." ही हकिकत बाईंनी बाहेर येऊन आम्हाला सांगितली तेव्हा त्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. माझी जागा राहिली. पुढे ती कायम झाली. दिवाळीनंतर एका सकाळी लिमये देवघेवीच्या टेबलाशी आले, सांगलीहून आणलेलं पुस्तक ठेवलं आणि परत गेले. वानखड्यानं तारीख न पाहता ते जमा करून घेतलं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी भाषण करायला उठल्या आणि "मले भाषण येत नाही, बॅच येते" म्हणून खाली बसल्या. मग गावी बगीच्यात राहायला गेल्या. आमच्या सभासद मात्र राहिल्या. एसटीनं यायच्या, पुस्तकं बदलायच्या, मोसमात संत्री आणायच्या. मशीन बदललं, मग आणखी बदललं, टेपा जाऊन चकत्या आल्या. दर नव्या आवृत्तीत काहीतरी अडायचंच. मी काळजीत दिसले की बाई म्हणत, "अडू दे ना वं. अडलं म्हणजे कुठंतरी पाणी आहे. मधातून पाहा." मी मधातून पाहायची, आणि सापडायचं. खुणेची ती जागा प्रत्येक नव्या आवृत्तीत मी सगळ्यांत आधी मागून घ्यायची. तिला अजून आम्ही तेराच म्हणतो.

मी ग्रंथपाल झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या भाच्याचा फोन आला. आत्या झोपेतच गेली, त्रास झाला नाही. मी पहिल्या एसटीनं निघाले. घर माणसांनी भरलं होतं. खुंटीवर तपकिरी स्वेटर होता, आणि खिडकीत आमच्या ग्रंथालयाची लाल पट्टी असलेलं पुस्तक होतं. भाच्याच्या बायकोनं चहा दिला, मी प्यायले, बाईंच्या गोष्टी निघाल्या, आम्ही रडलो आणि हसलोही. पुस्तकाचं नाव मी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या बाईंची नोंद उघडली आणि तेरा टाकला.

संत्र्याचा मोसम आला तेव्हा भाचा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. वर संत्री, खाली पुस्तक. उशीर झाल्याबद्दल त्याला फार अवघडल्यासारखं झालं होतं.

"ताई, आत्याचं पुस्तक राह्यलं होतं घरी. मी रोज तुमच्या कार्डाची वाट पाहून राहिलो. म्हटलं कार्ड आलं की नेऊन देऊ. पण कार्ड काहून नाही आलं?"

मी पुस्तक हातात घेतलं.

"मशीन आहे गा," मी म्हणाले. "विसरते कधी कधी."